महामार्गावर ब्रेक दाबताच गाडी थरथरते : कारण शोधण्याचा क्रम

पुण्याहून मुंबईकडे जाताना बोरघाट उतरून गाडी खालापूरच्या टोलनाक्याकडे येते, पुढच्या वाहनांचे लाल दिवे दिसू लागतात, आपण ९०-९५च्या वेगात ब्रेकवर हलकासा पाय ठेवतो आणि हातातले स्टिअरिंग डावी-उजवीकडे बारीक थरथरू लागते. वेग ५०च्या खाली आला की थरथर विरून जाते, आणि शहरात शिरल्यावर असे काही झाले होते याचीही आठवण राहत नाही. ज्यांनी नुकतीच गाडी, त्यातही वापरलेली गाडी घेतली आहे, त्यांना हा अनुभव चांगलाच घाबरवतो. गॅरेजमध्ये बहुधा एकच उत्तर मिळते : डिस्क (चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची लोखंडी तबकडी) बेंड झाली आहे, बदलावी लागेल. हे उत्तर खोटे असतेच असे नाही, पण ते अर्धे असते, आणि उरलेले अर्धे न शोधता डिस्क बदलली तर काही महिन्यांनी तीच थरथर परत येते.

हे मी स्वतःचे पैसे खर्च करून शिकलो. माझ्या गाडीच्या पुढच्या दोन्ही डिस्क आणि पॅड एका गॅरेजमध्ये बदलून घेतले, गाडी लोण्यासारखी थांबू लागली आणि साधारण सहा हजार किलोमीटरनंतर व्हायब्रेशन पुन्हा सुरू झाले. दुसऱ्या वेळी एका जुन्या लेथवाल्याने डिस्क उतरवून हबवरचा, म्हणजे डिस्क आणि चाक ज्या फिरत्या भागावर बसते त्यावरचा, गंजाचा थर मला नखाने खरवडून दाखवला. नवी डिस्क त्या गंजावरच बसवली गेली होती. म्हणून या लेखात सुटे भाग कोणते घ्यावेत यापेक्षा कोणती गोष्ट कोणत्या क्रमाने तपासावी यावरच भर दिला आहे. यातील निम्म्याहून अधिक तपासणी अवजारांशिवाय होते, आणि उरलेली आपण स्वतः केली नाही तरी मेकॅनिककडून नेमकी काय करून घ्यायची हे कळलेले बरे.

थरथर येते कोठून

ब्रेक दाबल्यावर कॅलिपरमधले दोन पॅड फिरत्या डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात. डिस्कची जाडी सगळीकडे सारखी असेल तर चिमटीचा जोर सारखा राहतो. एखाद्या ठिकाणी ती किंचित जास्त असेल तर तो भाग पॅडमधून जाताना पकड क्षणभर वाढते आणि पातळ भाग आला की सैल पडते. ही कमी-अधिक होणारी पकड चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात एकदा किंवा दोनदा येते आणि तोच धक्का स्टिअरिंगमध्ये, पेडलमध्ये किंवा सीटखाली जाणवतो. यासाठी जाडीतला फरक फार मोठा लागत नाही. १५ ते २० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजार भागांपैकी पंधरा-वीस भाग एवढा फरकसुद्धा अनेक गाड्यांत हाताला कळतो. वहीच्या कागदाची जाडी साधारण १०० मायक्रॉन असते, हे लक्षात घेतले म्हणजे डोळ्यांनी डिस्क पाहून 'बेंड आहे' किंवा 'बेंड नाही' असे सांगणाऱ्यावर किती विश्वास ठेवावा हे ठरवता येईल.

मग हे महामार्गावरच का जाणवते? १८५/६५ आर १५ या मापाच्या टायरचा घेर सुमारे १.९५ मीटर असतो. १०० किमी वेगात गाडी सेकंदाला सुमारे २८ मीटर जाते, म्हणजे चाक सेकंदाला १४ फेरे घेते; ८० किमी वेगात ११ आणि ४० किमी वेगात जेमतेम सहा. पुढच्या सस्पेन्शनची मागे-पुढे हलण्याची स्वतःची एक लय असते आणि ती बहुतेक गाड्यांत सेकंदाला १० ते २० हेलकाव्यांच्या दरम्यान पडते. झोक्याला बरोबर त्याच्या लयीत धक्के दिले की तो उंच जातो, तसेच येथे होते. डिस्कचा धक्का ८० ते ११०च्या वेगात सस्पेन्शनच्या लयीशी जुळतो आणि फुगून स्टिअरिंगपर्यंत येतो. शहरातही तोच दोष डिस्कमध्ये असतो, फक्त त्याला लय सापडत नाही. यातून आणखी एक गोष्ट निघते : चाकाला गाडीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे, म्हणजे लोअर आर्मचे, बुश (रबरी सांधे) किंवा बॉल जॉइंट (गोळ्याचा सांधा) सैल झालेले असतील तर एरवी न जाणवणारा लहानसा फरकही मोठा होऊन हातात येतो. म्हणून केवळ डिस्क पाहून तपासणी पूर्ण होत नाही.

आधी हे ठरवा की गाडी चालवायची का

पेडल नेहमीपेक्षा खोल जात असेल, ब्रेक लावताना गाडी एका बाजूला जोरात ओढली जात असेल, लोखंडावर लोखंड घासल्यासारखा आवाज येत असेल, किंवा डॅशबोर्डवर लाल ब्रेकचा दिवा लागलेला असेल, तर रस्त्यावरची कोणतीही चाचणी करू नये. गाडी उचलून न्यावी. बारीक थरथर हा बहुधा तातडीचा धोका नसतो, मात्र वरीलपैकी एखादे लक्षण तिच्या जोडीला असेल तर प्रश्न वेगळा होतो.

एक गैरसमजही येथेच दूर केलेला बरा. ओल्या रस्त्यावर, वाळूवर किंवा खडीवर जोरात ब्रेक दाबल्यावर पेडल पायाखाली खडखडत उसळते आणि घरघर ऐकू येते. ते एबीएस, म्हणजे ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा, आपले काम करीत असल्याचे चिन्ह आहे. एबीएसचे ठोके जोराच्या ब्रेकिंगमध्ये येतात आणि ते तुटक व कडक असतात. आपण ज्या थरथरीबद्दल बोलत आहोत ती कोरड्या रस्त्यावर हलक्या किंवा मध्यम ब्रेकिंगमध्येही येते आणि वेग उतरत जाईल तशी तिची लय मंदावते.

पहिली पायरी : रस्त्यावरची नोंद

गाडी गॅरेजमध्ये नेण्यापूर्वी अर्ध्या तासाची एक फेरी मारावी आणि सोबत लिहून घेणारा माणूस न्यावा. चालवणाऱ्याने चालवावे आणि शेजारच्याने लिहावे. मोबाईलवर स्वतः टिपणे काढण्याचा मोह टाळावा. रस्ता सरळ, सपाट आणि कोरडा हवा, मागे वाहन नको आणि वेग त्या रस्त्याच्या मर्यादेत हवा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या सपाट भागात मोटारींना ताशी १०० किमीची मर्यादा आहे आणि या चाचणीसाठी तेवढा वेग पुरतो. समृद्धी महामार्गावर मर्यादा १२० असली तरी तेथेही ९०-१००च्या पलीकडे जाण्याची गरज नाही. निघण्यापूर्वी चारही टायरमधली हवा थंड असताना तपासून घ्यावी, नाहीतर पुढची सगळी नोंद संशयास्पद ठरते.

सर्वप्रथम ब्रेकला पाय न लावता ८०, ९०, १०० या वेगांवर गाडी थोडा वेळ स्थिर चालवावी. या वेळीच थरथर येत असेल तर ब्रेकचा विषय तूर्त बाजूला ठेवावा. चाकांचे बॅलन्सिंग बिघडणे, एखादे बॅलन्सिंगचे वजन गळून पडणे, खड्ड्यात आदळून रिम वाकणे, टायरला फुगा येणे ही त्याची नेहमीची कारणे आहेत. बाजारातून घेतलेल्या अलॉय व्हीलचे मधले छिद्र हबपेक्षा मोठे असेल आणि मधली रिंग बसवलेली नसेल तरीही असेच होते. थरथर फक्त अॅक्सिलरेटर दाबताना येत असेल आणि पाय काढताच जात असेल तर संशय ड्राइव्हशाफ्टच्या, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद चाकाला पोहोचवणाऱ्या दांड्याच्या, आतल्या जॉइंटवर घ्यावा. पाय काढून गाडी नुसती घरंगळत असताना काहीच नाही आणि ब्रेकला स्पर्श होताच थरथर सुरू, असे असेल तरच पुढचा सगळा क्रम आपल्या कामाचा आहे. दोन्ही दोष एकाच वेळी असू शकतात. अशा वेळी आधी बॅलन्सिंग करून घ्यावे, कारण ते स्वस्त आहे आणि त्यानंतर ब्रेकचा दोष निर्भेळपणे दिसतो.

त्यानंतर १०० वरून ६० पर्यंत हलक्या पायाने, मग पुन्हा १०० वरून ६० पर्यंत मध्यम जोराने ब्रेक लावावा. दोन वेळांच्या मध्ये किलोमीटर-दोन किलोमीटर ब्रेक न लावता गाडी चालू द्यावी म्हणजे डिस्क थंड होतात. शेजारच्या माणसाने तीन गोष्टी लिहाव्यात : थरथर कोणत्या वेगावर सुरू झाली, कोणत्या वेगावर थांबली आणि ती कोठे जाणवली.

'कोठे' या प्रश्नाचे उत्तर बरेच काही सांगून जाते. स्टिअरिंग हलत असेल तर दोष बहुधा पुढच्या चाकांत असतो. स्टिअरिंग स्थिर आहे पण सीट, गाडीचा तळ किंवा मागच्या बाकावर बसलेल्याची पाठ थरथरते, तर मागचे ड्रम (डिस्कऐवजी असणारे, आतून घासणारे वाटीच्या आकाराचे ब्रेक) किंवा मागच्या डिस्क तपासाव्यात. पेडल पायाखाली मंद लयीत वर-खाली होत असेल तर जाडीतला फरक आहे हे जवळजवळ नक्की, मात्र तो पुढे की मागे हे पेडल सांगत नाही. स्टिअरिंग हलते पण पेडल शांत आहे, अशा वेळी सैल बुश, बॉल जॉइंट किंवा टाय रॉड एंडकडे (स्टिअरिंगच्या दांड्याच्या चाकाकडील सांध्याकडे) जरा अधिक लक्ष द्यावे. हे संकेत आहेत, निकाल नव्हेत; पुढच्या चाकाची जोरदार थरथर सीटपर्यंतही पोहोचतेच.

शेवटचा प्रश्न तापमानाचा आहे आणि तो हमखास विसरला जातो. थरथर सकाळच्या पहिल्या ब्रेकपासून आहे, की घाट उतरल्यावरच येते? थंड डिस्कवरही येत असेल तर जाडीतला कायमचा फरक पक्का समजावा. घाटानंतर येऊन डिस्क थंड झाल्यावर जात असेल, तर तापून डिस्कचा आकार तात्पुरता बदलत आहे, किंवा एखादा कॅलिपर अडकून त्या चाकाचा ब्रेक सतत घासत आहे. फेरी संपल्यावर गाडी उभी करून प्रत्येक चाकाजवळ तळहात नेऊन उष्णता पाहावी. डिस्कला हात लावू नये, चटका बसतो. एकच चाक इतरांपेक्षा खूप तापलेले असेल किंवा त्याच्याजवळ जळका वास येत असेल तर अर्धे निदान तेथेच झाले.

विद्युत गाड्यांच्या मालकांसाठी एक पोटसूचना : हलक्या ब्रेकिंगचे बरेचसे काम मोटरच करते, त्यामुळे डिस्कचा दोष झाकला जातो. चाचणीच्या वेळी मोटरच्या या ब्रेकिंगची (रीजनची) पातळी शक्य तितकी कमी ठेवावी. या गाड्यांत डिस्क कमी वापरल्या जातात, म्हणून त्या घासून झिजण्यापेक्षा गंजून खराब होण्याची शक्यता जास्त असते.

मागची चाके वेगळी कशी करावीत

आपल्याकडच्या बहुसंख्य लहान-मध्यम गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतात, आणि लिव्हरचा हँडब्रेक त्या मागच्या ड्रमवरच चालतो. त्यामुळे मोकळ्या, खासगी, कोरड्या जागेत ५०च्या आसपासच्या वेगात लिव्हरचे बटण सतत दाबून धरून हँडब्रेक अगदी हळूहळू ओढला आणि त्या वेळी तीच थरथर आली, तर दोष मागे आहे. ही चाचणी नवशिक्याने करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. मागची चाके जाम झाली तर गाडी जागच्या जागी फिरते. अनुभवी मेकॅनिक शेजारी बसून ती दोन मिनिटांत करून दाखवू शकतो. बटणाचा इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असेल तर ती मुळीच करू नये. आणि मागे डिस्क असून हँडब्रेकसाठी आत वेगळा लहान ड्रम असलेल्या गाड्यांत तिचा उपयोगही होत नाही.

ड्रमच्या बाबतीत एक सवय नुकसान करते. घाट उतरून तापलेल्या अवस्थेत गाडी उभी केली आणि हँडब्रेक करकचून ओढून ठेवला, तर थंड होताना ड्रम किंचित लंबगोल होऊ शकतो. सपाट जागेवर अशा वेळी गाडी गिअरमध्ये ठेवावी आणि चाकाला दगड लावावा.

दुसरी पायरी : चाक न काढता आणि चाक काढून

प्रथम चाकांचे नट पाहावेत. ते सगळे आहेत ना, आणि सारखे घट्ट आहेत ना? पंक्चरच्या दुकानात हवेच्या गनने एक नट पिळून बसवला आणि दुसरा सैल राहिला, तर डिस्कचा मधला भाग हबवर एका बाजूने जास्त दाबला जातो आणि डिस्क तिरकी फिरू लागते. अनेकांची थरथर टायर बदलल्यानंतर किंवा स्टेपनी लावल्यानंतर सुरू झालेली असते आणि ती गोष्ट कोणाला आठवत नाही. त्यामुळे स्वतःलाच विचारावे : गेल्या काही महिन्यांत चाक कधी निघाले होते? सर्व नट सैल करून, एकापुढचा लगेच दुसरा असे न करता समोरासमोरच्या क्रमाने, दोन टप्प्यांत, टॉर्क पान्ह्याने (ठरलेल्या जोरानेच आवळता येणाऱ्या पान्ह्याने) पुन्हा आवळावेत. आवळण्याचे माप गाडीच्या पुस्तिकेत असते. प्रवासी गाड्यांसाठी ते साधारणपणे ८५ ते १२० न्यूटन-मीटरच्या दरम्यान पडते, तरी आपल्या गाडीचाच आकडा पाळावा. एखाद्या वेळी एवढ्यावरच काम भागते.

चाक काढण्यासाठी जमीन सपाट आणि कडक हवी. गाडी गिअरमध्ये, विरुद्ध बाजूच्या चाकांना दगड, आणि जॅकच्या जोडीला स्टँड. नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नये. चाक हवेत गेल्यावर, ते काढण्यापूर्वी, वर-खाली धरून हलवावे. त्यात खेळ असेल तर व्हील बेअरिंग किंवा बॉल जॉइंट पाहावा. डावी-उजवीकडे धरून हलवल्यावर खेळ आला तर टाय रॉड एंड पाहावा. लोअर आर्मच्या मागच्या बुशचे रबर फाटले आहे का, हे टॉर्चने दिसते. हा बुश ब्रेकिंगमध्ये सर्वांत जास्त ताण सोसतो आणि खड्ड्यांच्या रस्त्यांवर लवकर जातो.

आता चाक काढून डिस्क पाहावी. तिच्या पृष्ठभागावर निळसर डाग असतील तर ती कधीतरी फार तापली आहे. पॅडच्या आकाराचा ठसा दिसत असेल तर दोन शक्यता असतात. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहिली, तर पॅडखालच्या भागाला आणि उघड्या भागाला वेगवेगळा गंज चढतो. असा वरवरचा गंज काही किलोमीटर ब्रेक वापरल्यावर निघून जातो, खोल खड्डे पडले असतील तर जात नाही. दुसरी शक्यता अशी, की तापलेल्या डिस्कवर पॅड एकाच जागी दाबून धरल्यामुळे पॅडचे साहित्य तेथे चिकटले आहे. लोक ज्याला 'बेंड झालेली डिस्क' म्हणतात त्यातल्या पुष्कळ डिस्क मुळात वाकलेल्या नसतात. त्यांच्यावर एकतर हा असमान थर बसलेला असतो किंवा त्या असमान झिजलेल्या असतात. चिकटलेल्या थराची जागा प्रत्येक ब्रेकिंगमध्ये जास्त तापते, आणि ओतीव लोखंड ७०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेले तर त्या जागी लोखंडाची रचना बदलून कठीण डाग तयार होतात. हे डाग आजूबाजूच्या लोखंडापेक्षा कमी झिजतात आणि म्हणून वरून घासून काढले तरी पुन्हा वर येतात.

त्यानंतर कॅलिपर. त्याच्या दोन सरकत्या पिना हाताच्या जोराने सहज आत-बाहेर व्हायला हव्यात. एक जरी अडकली तरी दोन पॅडपैकी एक जास्त झिजतो. आतला आणि बाहेरचा पॅड शेजारी ठेवून पाहिले की हा फरक लगेच दिसतो. पॅडचे अस्तर ३ मिमीच्या आसपास आले असेल तर ते बदलण्याच्याच वयाला आलेले आहेत. पिनांना ब्रेकसाठी बनवलेलेच ग्रीस लावावे. साधे पेट्रोलियम ग्रीस रबर फुगवते आणि सहा महिन्यांत पिना आधीपेक्षा घट्ट अडकतात.

तिसरी पायरी : मोजणे

बहुतेक गॅरेजांत नेमकी हीच पायरी गाळली जाते. दोन मापे हवीत. एक डिस्कच्या जाडीचे, दुसरे डिस्क फिरताना किती डुलते याचे.

जाडी मायक्रोमीटरने मोजावी. व्हर्निअरचे जबडे डिस्कच्या कडेला उरलेल्या न झिजलेल्या काठावर टेकतात आणि चुकीचे माप देतात. डिस्कच्या कडेपासून साधारण १० मिमी आत, गोलाकारात आठ जागी खडूने खुणा करून प्रत्येक ठिकाणी जाडी लिहावी. ०.०१ मिमी दाखवणाऱ्या मायक्रोमीटरवर दोन घरांचा फरक दिसला तरी तो जाणवण्याइतका आहे. मायक्रॉनपर्यंत दाखवणारा डिजिटल मायक्रोमीटर मिळाला तर उत्तम. सर्वांत कमी माप डिस्कच्या घडवणीवर कोरलेल्या किमान जाडीशी ताडून पाहावे. २२ मिमीच्या डिस्कला बऱ्याचदा २० मिमी ही मर्यादा असते, पण अंदाजावर न जाता कोरलेला आकडाच वाचावा. त्याच्या खाली गेलेली डिस्क लेथला लावण्याचा विषय उरत नाही.

डुलणे मोजण्यासाठी डायल गेज (टोकाची बारीक हालचाल तबकडीवर दाखवणारे मापयंत्र) लागते आणि ते कोणत्याही बऱ्या लेथवाल्याकडे असते. चाक नसताना नट वायसर घालून आवळावेत, नाहीतर डिस्क हबवर सैल राहते आणि माप भलतेच येते. गेजचा चुंबकी पाया न फिरणाऱ्या भागावर, म्हणजे नकलवर बसवावा, टोक डिस्कच्या बाहेरच्या भागावर टेकवावे आणि डिस्क हाताने सावकाश पूर्ण फिरवावी. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान आकड्यातला फरक म्हणजे डिस्कचे डुलणे. अनेक गाड्यांना ०.०५ ते ०.१० मिमीपर्यंतचे डुलणे चालते.

ही दोन मापे एकत्र वाचली की माझ्या सहा हजार किलोमीटरांचे कोडे उलगडते. डिस्क नवी असली की तिची जाडी सगळीकडे सारखी असते, त्यामुळे ती थोडी डुलली तरी ब्रेकिंगमध्ये काही जाणवत नाही. पॅड आणि कॅलिपर तिच्याबरोबर सरकतात. मात्र ब्रेक न लावता गाडी चालत असताना डुलणाऱ्या डिस्कची बाहेर आलेली जागा प्रत्येक फेऱ्यात पॅडला हलकेच चाटून जाते. किलोमीटरला पाचशेहून अधिक फेरे होतात, हजारो किलोमीटर हे चालते, आणि हळूहळू डिस्क त्याच जागी पातळ होते. मग थरथर सुरू होते. अशा वेळी जुनी डिस्क काढून नवी लावली की जाडीचा फरक जातो, डुलण्याचे कारण जागेवर राहते. हबचा व्यास १४० मिमी आणि डिस्कचा २४० मिमी धरला, तर हबच्या कडेला अडकलेला ०.०५ मिमीचा गंजाचा पापुद्रा डिस्कच्या काठाशी सुमारे ०.०८५ मिमीचे डुलणे तयार करतो. मर्यादेचा बराचसा वाटा एकट्या पापुद्र्याने खाल्ला.

चौथी पायरी : दुरुस्ती

डिस्क उतरवून हबचा चेहरा आणि डिस्कची आतली बाजू तारेच्या ब्रशने व बारीक पॉलिश पेपरने लख्ख करावी, बोल्टच्या मुळाशी असलेला गंजही सोडू नये. मग डिस्क परत बसवून पुन्हा मोजावे. डुलणे अजून जास्त असेल तर डिस्क एक भोक पुढे फिरवून बसवावी आणि पुन्हा मोजावे. हब आणि डिस्क यांचे बारीक दोष कधी एकमेकांना रद्द करतात, कधी एकमेकांत मिळतात. सगळ्या जागा फिरवून पाहिल्या तरी माप उतरत नसेल तर डिस्क काढून हबवरच गेज लावावे. हबच डुलत असेल तर नवी डिस्क घेऊन काही होणार नाही. बेअरिंग किंवा हब बदलावा लागेल.

जाडी किमान मर्यादेपेक्षा पुरेशी वर असेल आणि कठीण निळे डाग नसतील तर डिस्क लेथवर घासून घेता येते. शक्य असेल तर गाडीवरच बसवून डिस्क घासणारे यंत्र असलेले गॅरेज शोधावे, कारण त्यात डिस्क हबसकट एकाच अक्षावर कापली जाते. डाग असतील, तडे असतील किंवा जाडी संपत आली असेल तर नवी घ्यावी. दोन्ही बाजूंच्या एकदम, आणि पॅडही नवे. नव्या डिस्कवरचे संरक्षक तेल ब्रेक क्लीनरने पूर्ण पुसून काढायचे असते.

मेकॅनिकशी बोलताना 'व्हायब्रेशन येते, बघा जरा' एवढेच सांगू नये. रस्त्यावरची नोंद हातात द्यावी आणि तीन गोष्टी स्पष्ट मागाव्यात : डिस्क बसवण्यापूर्वी हब साफ झालेला मला दाखवा, डायल गेजचे माप बिलावर लिहा, नट शेवटी हाताच्या टॉर्क पान्ह्याने आवळा. चांगला कारागीर यावर रागावत नाही, उलट गिऱ्हाइकाला कळते आहे म्हणून जरा खुलतो, असा माझा अनुभव आहे. जो रागावतो त्याच्याकडून ब्रेकचे काम करून घेऊ नये.

नवे पॅड बसल्यावर आणि घाटात

नवे पॅड आणि डिस्क यांची ओळख व्हावी लागते. मोकळ्या रस्त्यावर ६० वरून १५-२० पर्यंत मध्यम जोराने आठ-दहा वेळा ब्रेक लावावा, दर वेळी मध्ये अर्धा-एक मिनिट गाडी चालू ठेवून डिस्क थंड होऊ द्यावी, आणि या सगळ्यात गाडी पूर्ण उभी करून पेडल दाबून धरू नये. यामुळे पॅडचा पातळ थर डिस्कवर सगळीकडे सारखा बसतो. पॅड उत्पादकाने वेगळी पद्धत दिली असेल तर तीच पाळावी.

घाटाचे गणित मात्र मुद्दाम मांडतो. प्रवाशांसह १२०० किलोची गाडी १०० किमी वेगातून थांबवायला सुमारे ४६० किलोज्यूल ऊर्जेची उष्णता करावी लागते. खंडाळ्याहून खोपोलीच्या बाजूला उतरताना गाडी सुमारे ५०० मीटर खाली येते. त्यात मोकळी होणारी ऊर्जा ५,९०० किलोज्यूलच्या घरात, म्हणजे १०० वरून बारा-तेरा वेळा थांबण्याएवढी. तिचा काही भाग हवा आणि टायर खातात, उरलेला इंजिनाने घ्यायचा की ब्रेकने, हे आपल्या गिअरवर ठरते. तिसऱ्या किंवा उतार तीव्र असल्यास दुसऱ्या गिअरमध्ये उतरावे, ऑटोमॅटिक गाडीत हाताने खालचा गिअर धरावा. ब्रेकवर पाय सतत घासत ठेवू नये. तो मध्येच ठामपणे दाबून वेग उतरवावा आणि सोडावा. न्यूट्रलमध्ये उतरून इंधन वाचवण्याचा विचारही करू नये.

घाट संपल्यावर वाहतूक तुंबली असेल तर तापलेल्या डिस्कवर पेडल जोरात दाबून मिनिटभर उभे राहणे हा पॅडचा ठसा उमटवण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे. पुढच्या गाडीपासून थोडे अंतर ठेवून इंचाइंचाने पुढे सरकत राहावे. थांबणे भागच असेल आणि रस्ता सपाट असेल तर गाडी धरून ठेवण्यापुरताच हलका दाब द्यावा. उतरल्या उतरल्या गाडी धुवायला लावू नये, थंड पाण्याचा फवारा तापलेल्या ओतीव लोखंडाला मानवत नाही.

दुरुस्तीनंतर रस्त्यावरची चाचणी त्याच रस्त्यावर, त्याच वेगात पुन्हा करावी आणि कागद जपून ठेवावा. १०० किलोमीटरनंतर नट एकदा तपासावेत. तीन-चार हजार किलोमीटर झाल्यावर आणखी एकदा तशीच फेरी मारावी, कारण हबवर राहून गेलेला गंज आपले काम त्याच सुमारास दाखवू लागतो, आणि तोपर्यंत बिलावरचे डायल गेजचे माप हाताशी असेल तर मेकॅनिकशी बोलणे पुष्कळ सोपे जाते.